कुळे घाटातला दुसरा लोहमार्ग का रखडला?

प्रश्न : मुरगाव–होस्पेट मालवाहतुकीसाठी कर्नाटकातील कॅसलरॉक ते गोव्यातील कुळे दरम्यान दुसरा लोहमार्ग होणार आणि हुबळी–अंकोला हा नवा मार्गही होणार, असे कित्येक वर्षे वाचत आलो. दोन्ही कामे अडली ती केवळ पर्यावरणवाद्यांच्या विरोधामुळेच का?
– एक वाचक, सावर्डे

उत्तर : विरोध झाला हे खरे, 2020च्या नोव्हेंबरात गोव्यातल्या चांदर गावी लोक रात्री रुळांवर जाऊन बसले, ते आपल्याला आठवत असेलच. परंतु घाटातल्या दुसऱ्या मार्गाची बाजू मुळातच लंगडी होती. पोर्तुगीज अमदानीत 1880च्या दशकात आखलेल्या या घाटात दर 37 मीटरला 1 मीटर चढ आहे, तर आजच्या समर्पित मालवाहतूक मार्गिकांवर (केवळ मालगाड्यांसाठी बांधलेल्या लोहमार्गांवर) तो 200 मीटरला 1 इतकाच ठेवलेला आहे. त्यामुळे बंदरातून कोळसा भरून निघालेल्या गाडीला कुळ्याला जादा इंजिने जोडावी लागतात आणि तेव्हा कुठे ती कॅसलरॉक गाठते. दुसरा मार्ग टाकल्याने हा चढ कमी होणार नव्हता. सर्वोच्च न्यायालयाला वनविषयक प्रकरणांत सल्ला देणाऱ्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल 2021च्या अहवालात नेमके यावरच बोट ठेवले : रेल्वेच्या जाळ्यातील सर्वांत अकार्यक्षम टप्प्याची क्षमता किंचित वाढावी म्हणून घाटातले मोलेचे अभयारण्य चिरण्याचे समर्थन होऊ शकत नाही. पुढे 9 मे 2022 रोजी न्यायालयाने या दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली.

हुबळी–अंकोल्याची गोष्ट निराळी आहे. 1990च्या दशकाच्या अखेरीस मार्गी लागलेली ही योजना प्रामुख्याने बळ्ळारी–होस्पेट पट्ट्यातील लोहखनिज किनाऱ्यावर आणण्यासाठी होती. हुबळी ते कळघटगी भागात भरावाचे काम झालेही, पण पुढे यल्लापूरकडचे घनदाट जंगल आडवे आले आणि परवानगीचा घोळ संपेना. तेवढ्यात 2010मध्ये कर्नाटकाने खनिजाच्या निर्यातीला बंदी घातली आणि ज्या मालासाठी मार्ग हवा होता तो मालच उरला नाही. त्यानंतर कोळसा, कंटेनर, प्रवासी अशी नवनवी कारणे पुढे आली. मार्च 2020मध्ये कर्नाटकाच्या राज्य वन्यजीव मंडळाने या मार्गाची शिफारस केली, तिला त्याच वर्षी कर्नाटक उच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली. माझ्या मते, कारणे अशी बदलू लागली की योजनेवरचा विश्वास उडतो, आणि तो का उडू नये?

जाता जाता एक सांगावेसे वाटते. गोव्याचे स्वतःचे खनिज मुख्यतः मांडवी-जुवारीतून बार्जनेच मुरगावला गेले, त्यामुळे घाटातल्या वाढीव क्षमतेची खरी गरज शेजारच्या राज्यातील उद्योगांना होती. कोळशाची धूळ मात्र इथल्या घरांवर.

घाटाचे दार कायमचे बंद झालेले नाही. अभयारण्याच्या जैवविविधतेवर होणाऱ्या परिणामांचा सविस्तर अभ्यास करून प्रस्ताव पुन्हा मांडण्याची मुभा न्यायालयाने ठेवलेली आहे.