हॉलिवूडचे जुने प्रेमविनोदी बोलपट: सुरुवात कुठून करशील?
थेट 1929 पासून सुरू करू नकोस. तेव्हा कॅमेऱ्याची घरघर रेकॉर्ड होऊ नये म्हणून त्याला बंद खोक्यात कोंडत आणि नट लपवलेल्या मायक्रोफोनभोवती घुटमळत. नवख्याला कंटाळा येतो. आधी दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिचचा 1932 चा ‘ट्रबल इन पॅरडाइज’ बघ. दोन चोर जेवता जेवता एकमेकांच्या वस्तू लांबवत प्रेमात पडतात, आणि पुढची बरीचशी गंमत बंद दारांआड! 1934 च्या मध्यापासून हॉलिवूडने पडद्यावर काय दाखवायचं, काय नाही याची आचारसंहिता कडकपणे लावली आणि असला चावटपणा आटला, म्हणून साल बघून सिनेमा निवड. सुरुवातीच्या बऱ्याच सिनेमांत पार्श्वसंगीत जवळपास नसतं. खटकेल, पण सवय होते. सबटायटल्स मात्र लावच. घासलेली प्रत फुकट मिळाली तरी नको, निम्मे विनोद खरखरीतच जातात.