जुन्या हॉररमधल्या बायका डॉक्टरकडे का जातात?

प्रश्न : हल्ली रात्री जुने ब्लॅक अँड व्हाइट हॉरर बघायचा नाद लागलाय. 'कॅट पीपल' बघताना मी बायकोला म्हटलं, नवऱ्याला जवळ येऊ देत नाही, म्हणजे हीच राक्षसीण. तर ती म्हणे, अहो ती तर स्वतःच घाबरलीये. कोण बरोबर? आणि 'ड्रॅक्युलाज डॉटर'मधली काउंटेस लेस्बियन आहे असं पोरगा म्हणतो, ते खरं की उगाच आजकालचं काहीतरी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : वहिनी बरोबर आहेत आणि पोरगाही, म्हणजे घरात तुम्ही एकटेच पडलात बघा!

'कॅट पीपल' 1942 चा. आयरीना सर्बियाहून न्यूयॉर्कला आलेली, आणि तिच्या डोक्यात गावाकडची गोष्ट पक्की बसलीये की आपल्या जातीच्या बायकांना वासना किंवा मत्सर अनावर झाला की त्यांचा काळा बिबट्या होतो. आता लग्नाच्या रात्रीचा सीन परत लावून बघा. ती बंद दाराला टेकून खाली बसलीये, नवरा दाराच्या पलीकडे, आणि लांबून झू मधल्या बिबट्याची डरकाळी येते. दार उघडायची इच्छा तिला आहे हो, नवऱ्याचा जीव जाईल म्हणून ती उघडत नाही. ह्यात राक्षसीण कुठे आली?

काउंटेसचं, म्हणजे ड्रॅक्युलाच्या त्या रक्त पिणाऱ्या व्हॅम्पायर मुलीचं म्हणाल तर सिनेमा 1936 चा, आणि 1934 पासून हॉलिवूडमध्ये प्रॉडक्शन कोड, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं ह्याची नियमावली, कडक झालेला, समलैंगिकता दाखवणं सोडाच, सुचवायचीही बंदी. मग काय केलं, तर चित्र काढायचंय म्हणून लिली नावाच्या गरीब पोरीला स्टुडिओत आणलं, तिला खांद्यावरचे पट्टे खाली करायला लावले, काउंटेस अंगठी दाखवत जवळ जवळ येते आणि ऐन वेळी कॅमेरा भिंतीवरच्या मुखवट्याकडे जातो, मागून नुसती किंकाळी. जे दाखवता येत नव्हतं ते व्हॅम्पायरच्या नावावर खपवलं. आणि ही आयडिया काही तेव्हाची नाही, ल फानू ह्या लेखकाची 'कार्मिला' ही व्हॅम्पायरकथा 1872 ची, म्हणजे 'ड्रॅक्युला' कादंबरीच्या पंचवीस वर्षं आधीची, त्यातही बाईच बाईच्या मागे लागते.

मला मात्र दोन्ही सिनेमांतला डॉक्टर जास्त खटकतो. काउंटेस सायकिअॅट्रिस्टकडे जाऊन गयावया करते की मला ह्यातून सोडवा, तर तो दारुड्याचं उदाहरण देतो, दारूसोबत एका खोलीत राहा आणि मोहाशी लढा म्हणून. लिलीचा बळी त्या सल्ल्यानंतरचा! आयरीनाच्या डॉक्टरची तर कमालच, हे सगळे मनाचे खेळ म्हणत तो तिलाच मिठीत ओढून किस करतो, आणि मग बिबट्या खरोखर येतो. बाई आपणहून मदत मागायला आलेली, ऐकून कुणी घेतलं नाही, आणि शेवटी मरायचं तिनेच.

बार्बरा क्रीड नावाच्या ऑस्ट्रेलियन अभ्यासक बाईंनी 1993 मध्ये हॉररमधल्या अशा भीतीदायक बायकांवर अख्खं पुस्तक लिहिलंय. त्यांचं म्हणणं, पडद्यावरची बाई अबला म्हणून भीतीदायक नसते, पुरुषाला तिच्या शरीराची, गर्भाशयाची, तिच्या ताकदीचीच धास्ती असते. आपल्याकडे बाळंतपणात गेलेली बाई अळवंत, म्हणजे भूत, होते म्हणतात, तेही आठवून बघा.

प्रश्न : 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये ब्राइड आहे तरी किती वेळ? आम्ही वाट बघून दमलो.
— दोन मैत्रिणी, ठाणे

उत्तर : शेवटची काही मिनिटं फक्त! 1935 चा सिनेमा, पोस्टरवर ती, नाव तिचं, आणि तोंडी एक शब्द नाही. एल्सा लँचेस्टरने ते फिस्कारणं हंसांवरून उचललं होतं, सुरुवातीला मूळ 'फ्रँकेन्स्टाइन' कादंबरीची लेखिका मेरी शेली झालीये ती पण तीच. त्या सीनमध्ये घडतं काय तर कांदेपोहेच म्हणा ना, मुलगी खास ह्याच स्थळासाठी, म्हणजे फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसासाठी बनवलेली, तिला कुणी विचारलेलं नाही, तिने मुलगा बघितला आणि किंचाळून नकार दिला. मुलाने लिव्हर ओढून बिल्डिंगच उडवली.