मनगटावरच्या टॅटूपेक्षा मला तुमच्या एका वाक्याची काळजी वाटते

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यात शिक्षक आहे. मुलगी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा व्हिडिओ कॉलवर तिच्या डाव्या मनगटावर टॅटू दिसला. वर टिंब, खाली स्वल्पविराम, एवढंच. विचारलं तर म्हणाली, ‘आवडलं म्हणून काढलं.’ पहिल्या वर्षी ती फिजिऑलॉजीत राहिली होती. तेव्हा काही महिने धड बोलत नव्हती, जेवत नव्हती असं रूममेट सांगायची. पुरवणी परीक्षेत विषय सुटला. गाडी रुळावर आली असं वाटत असतानाच आता हे. टॅटूमुळे डॉक्टर म्हणून नोंदणी अडते का? सरकारी नोकरी जाते का? पेशंट काय म्हणतील? उद्या स्थळं येतील तेव्हा काय सांगायचं? मी तिला स्पष्ट सांगितलंय, लेझरने काढून घेतल्याशिवाय घरी येऊ नकोस. त्वचारोगतज्ज्ञांची वेळही घेतली आहे. माझं चुकतंय का?

उत्तर : हो सर, चुकतंय. तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देतो, पण त्याआधी आज संध्याकाळी मुलीला फोन करा आणि ‘घरी येऊ नकोस’ हे वाक्य मागे घ्या. ‘काढून टाक, मग बघू’ असं अर्धवट नको. घर तुझंच आहे, टॅटूसकट ये, असं स्वच्छ शब्दांत सांगा.

एवढी घाई का, ते सांगतो. तुम्ही वर्णन केलेलं चिन्ह म्हणजे सेमीकोलन, आपला अर्धविराम. अमेरिकेत एमी ब्लूएल यांनी 2013 साली ‘प्रोजेक्ट सेमीकोलन’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यांच्या वडिलांनी आत्महत्या केली होती. लेखकाला वाक्य तिथेच संपवता आलं असतं, पण त्याने अर्धविराम देऊन ते पुढे नेलं. तसं मीही माझं आयुष्य पुढे नेणार आहे, असा त्या चिन्हामागचा अर्थ. नैराश्यातून किंवा आत्महत्येच्या विचारातून बाहेर पडलेली कितीतरी माणसं तेव्हापासून ते गोंदवून घेतात. अशा कुणाला साथ दिलेलेही घेतात, आणि बहुतेकदा मनगटावरच.

तुमच्या मुलीने त्याच अर्थाने ते काढलं असेल, असं मी म्हणत नाही. मैत्रिणीसाठी काढलं असेल, नुसतं आवडलंही असेल. पण पहिल्या वर्षी ती बोलत नव्हती, जेवत नव्हती, हे तुम्हीच लिहिलंय, आणि विषय सुटला म्हणून ते प्रकरण तिथेच मिटवलंय. निकाल सुधारला म्हणजे मुलगी सावरली, असा हिशोब शिक्षकाने तरी करू नये. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाचा अहवाल 2024 मध्ये आला. त्यासाठी ऑनलाइन सर्वेक्षण झालं आणि 25 हजारांहून अधिक एमबीबीएस विद्यार्थ्यांनी त्यात उत्तरं दिली. गेल्या वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात येऊन गेला, असं त्यांतल्या 16.2 टक्के जणांनी सांगितलं. ही सगळी बारावीपर्यंत वर्गात पहिली येणारी मुलं. नापास होणं म्हणजे काय, हे त्यांना मेडिकलला गेल्यावर पहिल्यांदा कळतं, आणि नेमकं तेव्हा घरी सांगायची सोय नसते.

म्हणून फोनवर अभ्यासाचा विषय काढू नका, ‘त्या टॅटूचा अर्थ काय’ अशी उलटतपासणीही नको. शक्य असेल तर एक दिवस रजा टाका आणि स्वतः जाऊन भेटा. मेसबाहेर कुठेतरी निवांत जेवायला बसा. मग विचारा, ‘पहिल्या वर्षी तुला फार त्रास झाला होता का गं? जगूच नये असं वाटलं होतं का?’ असं थेट विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती सोडा. मानसोपचारतज्ज्ञ हा प्रश्न रोज विचारतात. उत्तर ‘हो’ आलं तर ‘आम्ही तुला काय कमी केलं’ हे वाक्य चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. ऐकून घ्या. तिने सांगितलेलं काका-मामांच्या कानावर घालू नका. तिच्याच कॉलेजात मानसोपचार विभाग असेल, पण आपल्याच शिक्षकांसमोर बसायला मुलांना संकोच वाटतो, तेव्हा बाहेरचा डॉक्टर शोधून द्या. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. विचार आजही येतात असं ती म्हणाली, तर तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आता तुमचे प्रश्न. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद नोंदणी करते ती पदवी आणि इंटर्नशिप पाहून. मनगट पाहून नाही.

‘टॅटू असला की सरकारी नोकरी गेली’ हा समज मात्र घरोघरी आहे. तो आला सैन्यभरतीतून. सैन्यदलाच्या नियमात कायमस्वरूपी टॅटू हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. इतरत्र असेल तर उमेदवार बाद होतो, फक्त परंपरेने गोंदवणाऱ्या आदिवासी समाजांना सवलत आहे. म्हणजे सैन्यातली डॉक्टरकी किंवा पुण्याचं एएफएमसी (सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय) डोळ्यांसमोर असणाऱ्या मुलांनी टॅटूआधी त्या वर्षीची जाहिरात वाचलीच पाहिजे. निमलष्करी दलांचे नियम आणखी वेगळे आहेत. पण प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला, मेडिकल कॉलेजातल्या लेक्चररला हे नियम लागू नाहीत. पोलीस आणि लष्कर भरतीत ऐकलेली गोष्ट आपण सरसकट सगळ्या सरकारी नोकऱ्यांना लावून टाकली, आणि त्यापायी मुलांना घाबरवत बसलो.

पेशंटचं म्हणाल, तर उद्या बॉन्डच्या, म्हणजे पदवीनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेच्या वर्षात ती एखाद्या खेड्यातल्या ओपीडीत बसेल. समोर नाडी दाखवायला येणाऱ्या आजीच्या हातावर तुळस गोंदलेली असेल, हनुवटीवर हिरवे ठिपके असतील. ती आजी मनगटावरच्या अर्धविरामाला बिचकेल, असं मला वाटत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात हे तपासूनही पाहिलंय. तेच डॉक्टर कधी टॅटू दाखवत, कधी झाकून रुग्णांसमोर गेले. नऊशेहून अधिक रुग्णांनी मत दिलं, आणि टॅटूमुळे डॉक्टर कमी हुशार किंवा कमी विश्वासू वाटला नाही. हा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे एखादे जुन्या वळणाचे विभागप्रमुख राउंडला टोमणा मारतील, हे खरं आहे. तोंडी परीक्षेला पूर्ण बाह्यांचा एप्रन घातला की तेवढं भागतं. चेहऱ्यावर, मानेवर किंवा कुणाला खटकेल असा मजकूर असता, तर मी तिलाच चार शब्द सुनावले असते. इथे तसं काही नाही.

खरी वैद्यकीय चौकशी करायची तर दोनच गोष्टी विचारा : सुई नवी होती ना, आणि हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेत ना. हे ती तुमच्यापेक्षा चांगलं जाणते, तरी काळजीने विचारलंत तर तिला बरंच वाटेल.

स्थळांबद्दल मी काही लिहिणार नाही. मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. मनगटावरच्या टिंबावरून नकार देणारं घर तिच्या कामाचं नाही.

लेझरची वेळ रद्द करा. एका बैठकीत टॅटू जात नाही. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात, खर्च होतो आणि आपल्या सावळ्या कातडीवर पांढरट किंवा काळपट डाग राहू शकतो. पुढे कधी तिला स्वतःला काढावासा वाटला, तर ती डॉक्टर असेल, स्वतः ठरवेल. भेटून आलात की मला पुन्हा लिहा, आणि त्या पत्रात मार्कांऐवजी ती कशी आहे ते कळवा.