आजीचा चेहरा मळकट का येतो?

प्रश्न : आजीला खिडकीपाशी बसवून मी कृष्णधवल फिल्मवर तिचे फोटो काढले. निगेटिव्ह चांगली वाटते, पण आठ बाय दहाची प्रिंट मळकट येते. काळं काळं दिसतच नाही. काळं-पांढरं ठळक करणारा चार नंबरचा फिल्टर लावला तर सुरकुत्या कोरल्यासारख्या होतात. पेपर प्लास्टिक कोटिंगचा आहे. डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या ट्रेमध्ये, प्रिंट पुरेशी गडद झाली की मी लगेच उचलतो. तरी असं का?

उत्तर : ते ‘लगेच उचलतो’च नडतंय. एन्लार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून पेपरवर पाडणारं यंत्र) पेपरला उजेड जास्त मिळतो, मग ट्रेमध्ये प्रिंट भराभर काळवंडते आणि तुम्ही घाबरून ती बाहेर काढता. काळा रंग पूर्ण भरायच्या आत! शिवाय सेफलाइटच्या, म्हणजे पेपरला न बाधणाऱ्या दिव्याच्या, लाल उजेडात प्रिंट असते त्यापेक्षा गडद दिसते.

हे मी स्वतःही केलंय. वडिलांच्या फोटोवर अर्धं पाकीट घालवलं, प्रत्येक प्रिंट तिसाव्या सेकंदाला उचलली. उजेडात आणल्यावर त्यांचे काळेभोर केस राखेसारखे. ते म्हणाले, “अरे, मला इतक्यात म्हातारा केलास?”

तेव्हा फिल्टर परत दोनवर आणा. डेव्हलपर २० अंशांवर ठेवा. गार असेल तर तो रेंगाळतो. मग एन्लार्जरच्या लेन्सचं छिद्र एफ ८ वर ठेवून टेस्ट स्ट्रिप काढा, म्हणजे पेपरच्या एका पट्टीला पाच-पाच सेकंदांच्या पायऱ्यांनी वाढता उजेड द्या. पट्टी पार्श्वभूमीवर नको, कपाळापासून गालापर्यंत ठेवा, कारण तुम्हाला आजी छापायची आहे, भिंत नाही. घड्याळ लावून पूर्ण ९० सेकंद ट्रे हलवत राहा. पट्टी काळी होताना दिसली तरी हात आवरा. फिक्सरच्या रसायनात चित्र पक्कं झाल्यावर पांढऱ्या दिव्याखाली बघा आणि गाल नीट दिसणारी पायरी निवडा. सगळंच गडद असेल तर एन्लार्जरची वेळ कमी करा, ट्रेमधली नाही. एवढं करूनही मळकट वाटलं तर अडीच नंबर लावून बघा, थेट चार नको.

खिडकीकडचे पांढरे केस कोरे राहिले, तर भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून तेवढ्याच भागाला थोडा जास्त उजेड द्या. पुठ्ठा सतत हलता ठेवा, नाहीतर डोक्याभोवती वलय उमटेल आणि आजी देवी होईल.

पांढरी किनारही राखाडी येते का? मग सेफलाइटवर संशय घ्या. कोऱ्या पेपरवर नाणं ठेवून सेफलाइटखाली पाचेक मिनिटं ठेवा, मग नेहमीसारखा डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला तर दिवा लांब न्या किंवा बदला.

पुढे प्लास्टिक कोटिंग नसलेला फायबर पेपर घेतलात तर डेव्हलपरमध्ये दोन ते तीन मिनिटं द्या. तो वाळल्यावर थोडा गडद होतो, म्हणून ओल्या प्रिंटवर खूश होऊन आजीला हाक मारू नका. आधी वाळू द्या.