एकाच थव्यात लहानमोठे मासे का?

प्रश्न: ताई, मी न्यू जर्सीला मुलाकडे आलोय, इथे किनाऱ्यावर जाळ्यात बोटभर चंदेरी सिल्व्हरसाइड मिळतात, काही एकदम बारीक तर काही चांगले मोठे नि पोटाळ. दोन वेगळ्या जाती आहेत का हो?

उत्तर: काका, अटलांटिक सिल्व्हरसाइड असतील तर जात एकच, आणि फार भारी मासा आहे हा! सीझनच्या सुरुवातीला थंड पाण्यात वाढलेली पिल्लं जास्त करून माद्या होतात, उन्हाळ्यातल्या गरम पाण्यातली नर, म्हणून माद्यांना वाढायला वेळ जास्त मिळतो आणि त्या मोठ्या दिसतात, त्यात वसंतात पोटात अंडी. उत्तरेला कॅनडाकडचे मासे तर थोड्या दिवसांत भराभर वाढतात, पण पोहण्यात कमी पडतात, शिकारी माशांच्या तोंडी लवकर जातात.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कॉनोव्हर आणि मंच या संशोधकांचं याच माशावरचं 2002 चं काम. काही टाक्यांमध्ये दर पिढीतले सगळ्यात मोठे 90 टक्के मासे काढत गेले, काहींत सगळ्यात लहान 90 टक्के, तर चारच पिढ्यांत, लहान काढलेल्या टाक्यांपेक्षा मोठे काढलेल्या टाक्यांतल्या माशांचं वजन जवळपास निम्मं भरलं. म्हणून काका, मोठे मिळाले तर थोडे परत सोडा ना पाण्यात.