एकच गळा, दोन हिरो

प्रश्न : काका, मी सोलापूरचा. आमच्या गल्लीत सगळी पद्मशाली मंडळी, त्यामुळं जुनी तेलुगू गाणी लहानपणापासून कानावर आहेत, भाषा निम्मीअर्धी कळते. पण हिरो एनटीआर (एन. टी. रामाराव) असो नाहीतर नागेश्वर राव, गाताना आवाज एकच! तरी शेजारचे आजोबा नुसतं ऐकून सांगतात, हे याचं गाणं, ते त्याचं. कसं काय?

उत्तर : आवाज एकच वाटतो कारण बहुतेक वेळा दोघांच्या मागं माणूसच एक होता, पार्श्वगायक घंटसाला वेंकटेश्वर राव. आणि गंमत बघा, एनटीआर १९२३ चा, घंटसाला १९२२ चा, अक्किनेनी नागेश्वर रावही त्याच सुमाराचे, आणि तिघंही कृष्णा जिल्ह्यातले, म्हणजे आपल्या महाबळेश्वरची कृष्णा जिथं समुद्राला मिळते तिथले. घंटसाला विजयनगरमच्या (आंध्रातलं हो, हंपीवालं नाही) संगीत कॉलेजात रीतसर शिकला, १९४२ च्या चळवळीत तुरुंगात जाऊन आला आणि मग मद्रासला गेला, कारण तेव्हा तेलुगू पिक्चरचा सगळा कारभार मद्रासलाच, हैदराबाद फार नंतर.

आता तुमचे आजोबा ओळखतात कसं. नागेश्वर रावांसाठी गाताना घंटसाला आवाज आत ओढतो, शब्द जरा सैल सोडतो, जणू शेजारी बसून स्वतःशीच बोलतोय. १९५३ च्या 'देवदासु'मधलं 'जगमे माया' ऐका, दारू प्यायलेल्या माणसाचं गाणं आहे पण उगाच झोकांड्या नाहीत, हेल नाहीत, सगळी नशा त्या थकलेल्या आवाजात. (दिलीप कुमारचा देवदास दोन वर्षांनी आला बरं का. आणि नागेश्वर रावांचे डोळे जड दिसावेत म्हणून ते सीन रात्री शूट केले होते.) या पिक्चरचा संगीतकार सी. आर. सुब्बुरामन पिक्चर लागायच्या आधीच १९५२ मध्ये गेला, तिशीसुद्धा गाठली नव्हती बिचाऱ्यानं.

एनटीआरसाठी तोच गळा छाती काढून उभा राहतो. 'जगदेकवीरुनि कथा'मधलं (१९६१) 'शिवशंकरी' लावा, पेंड्याल नागेश्वर रावांची चाल (हे संगीतकार, आपले हिरो नव्हेत), दरबारी कानडा, पडद्यावर एकाच वेळी पाच एनटीआर, कुणी गातोय, कुणी वाजवतोय, आणि हे सगळं एकटा घंटसाला तोलून धरतो.

आणि पद्यं! पौराणिक पिक्चरमध्ये एनटीआर बोलता बोलता मध्येच वृत्तबद्ध पद्य म्हणायला लागतो, ताल नाही ठेका नाही, शेवटी लांबलचक आलाप. आपल्या संगीत नाटकात साकी कशी यायची, तसंच काहीसं. तेलुगू लोक नाटकात त्याला वन्समोर घ्यायचे आणि पिक्चरनं ती सवय उचलली. नवख्या माणसाला इथं कंटाळा येतो हे मी कबूल करतो, मलाही यायचा, आता मात्र मी गाणी पुढं ढकलून पद्यं ऐकतो.

प्रश्न : काका, 'कुहू कुहू बोले कोयलिया' हे आईचं जीव की प्राण गाणं. परवा फॅमिली ग्रुपवर कुणीतरी टाकलं की हे मूळचं तेलुगू आहे. खरं का हे? (वाचक, पुणे)

उत्तर : ग्रुपवर आलेली गोष्ट खरी निघायचा योग आहे हा! १९५७ च्या तेलुगू 'सुवर्णसुंदरी'त घंटसाला आणि जिक्की यांचं 'हायि हायिगा आमनि सागे' आहे, तेच हिंदी 'सुवर्णसुंदरी'त लता-रफीचं 'कुहू कुहू' झालं, शब्द भरत व्यासांचे. संगीतकार दोन्हीकडं पी. आदिनारायण राव, पडद्यावर दोन्हीकडं नागेश्वर राव आणि अंजलीदेवी. अंजलीदेवी म्हणजे आदिनारायण रावांची बायको, पिक्चरही घरचाच. सोहनी, बहार, जौनपुरी, यमन असे चार राग एका गाण्यात, आणि एकातून दुसऱ्यात जाताना कुठं सांधा दिसत नाही. तानांची सफाई म्हणाल तर लता आणि रफी भारी, पण तेलुगूत ते 'हायि हायि' ज्या निवांतपणे येतं ते हिंदीत नाही असं माझं मत, आईला सांगू नका.

असंच अजून एक. 'मिस मेरी'तलं 'वृंदावन का कृष्ण कन्हैया' माहितीये ना? ती चाल १९५५ च्या 'मिस्सम्मा'तली, साळूरी राजेश्वर रावांची, हेमंत कुमारनं हिंदीत तशीच ठेवली. त्या रागाला तिकडं शुद्ध सावेरी म्हणतात, आपण दुर्गा म्हणतो. आणि आईला हेही ऐकवा, 'संतानम'मध्ये (१९५५) खुद्द लताबाईंनी तेलुगू अंगाई गायलीय, 'निदुरपोरा तम्मुडा', झोप रे माझ्या भावा. संगीत सुसर्ल दक्षिणामूर्ती. उच्चार थोडे परके लागतात, पण मोठी बहीण धाकट्याला झोपवतेय हे कळायला तेलुगू यावं लागत नाही.

प्रश्न : तेलुगूत तुकोबांवर पिक्चर आहे म्हणे? बघावा का? (वाचक, पंढरपूर)

उत्तर : आहे, 'भक्त तुकाराम', १९७३. तुकाराम नागेश्वर राव, आवली अंजलीदेवी, संगीत परत आदिनारायण राव, आणि शिवरायांच्या भूमिकेत तमिळचा शिवाजी गणेशन. 'घनघन सुंदरा' ऐका, देवुलपल्ली कृष्णशास्त्रींचे शब्द, गायलंय घंटसालानं, आणि पुढच्याच फेब्रुवारीत तो गेला. गाणं फार सुंदर. पिक्चरचं विचाराल तर प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' पाहिलेल्या माणसाला जड जाईल, विष्णुपंत पागनीसांचा तो साधेपणा डोळ्यांसमोरून हलत नाही आणि इकडचा तुकाराम फारच नीटनेटका.

तुम्ही पंढरपूरचे, तर त्याऐवजी १९५७ चा 'पांडुरंग महात्म्यम' बघा, एनटीआरच्या घरच्या कंपनीचा. एनटीआर चक्क पुंडलिक झालाय! टी. व्ही. राजूंचं 'जय कृष्णा मुकुंदा मुरारी' अजून आंध्रात भजनाला म्हणतात.

प्रश्न : मला तेलुगूचा त सुद्धा येत नाही. सुरुवात कुठून करू? (वाचक, ठाणे)

उत्तर : 'मायाबाजार', १९५७, दुसरा विचार नको. गोष्ट तुम्हाला माहितीच आहे, आपल्याकडं तिला वत्सलाहरण म्हणतात, वत्सलेची तिकडं शशिरेखा झालीय एवढंच. मूळ महाभारतात ही गोष्ट नाहीच, लोकांनी रचलेली. एनटीआर कृष्ण, नागेश्वर राव अभिमन्यू, सावित्री शशिरेखा. राजेश्वर रावांनी चार चाली करून काम सोडलं, बाकी घंटसालानं पूर्ण केलं. त्या चारातलीच एक 'लाहिरी लाहिरी', मोहनम म्हणजे आपला भूप, नदीत नाव आणि कॅमेरामन मार्कस बार्टलीनं घडवलेलं चांदणं. त्या नावेत आधी अभिमन्यू आणि मग कृष्ण, दोघांनाही आवाज घंटसालाचा, सोलापूरच्या भाऊंनी हे गाणं आजोबांसोबत बसून बघावं.

आणि सावित्री! शशिरेखेचं रूप घेतलेला घटोत्कच ती करते, 'अहा ना पेळ्ळंटा'मध्ये सुशीलाच्या आवाजात लाजता लाजता मध्येच घंटसालाचा पुरुषी आवाज फुटतो आणि बाई खांदे उडवून राक्षस होतात. परत लाजतात. मी ते पाच-सहा वेळा मागं घेऊन बघितलं. खरा घटोत्कच म्हणजे एस. व्ही. रंगाराव, लग्नाचं आख्खं जेवण एकटा फस्त करत 'विवाह भोजनंबु' म्हणतो, आवाज माधवपेद्दि सत्यमचा. सबटायटल असलेली कॉपी शोधा, आणि जेवून बसा.