एआय फंडात निम्मी बचत वळवावी का?

प्रश्न : माझी बहुतेक बचत जागतिक इंडेक्स फंडात (जगभरातल्या मोठ्या कंपन्यांचे शेअर त्यांच्या आकाराप्रमाणे घेणाऱ्या फंडात) आहे. त्यातला निम्मा भाग मुलीच्या उच्च शिक्षणासाठी ठेवलाय, तो सहा वर्षांनी लागेल. तोच आता एकरकमी नव्या एआय फंडात टाकावा असं मनात आहे. ऑफिसात सगळे म्हणतात, आत्ता नाही तर कधीच नाही. एआय टिकणार नाही असं तुम्हाला वाटतं का?

उत्तर : एआय टिकेल. माझी शंका तिथे नाहीच. पण तंत्रज्ञान जिंकलं म्हणजे त्यात पैसे घालणारा जिंकलाच असं नसतं, आणि तुमचा सगळा बेत त्याच गृहीतकावर उभा आहे.

इंटरनेटचंच बघा. १० मार्च २००० रोजी नॅसडॅक कंपोझिट, म्हणजे तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला अमेरिकेतला शेअर निर्देशांक, ५,०४८ वर बंद झाला. ऑक्टोबर २००२ मध्ये तो १,११४ पर्यंत आला. शंभराचे बावीस! बावीसचे पुन्हा शंभर व्हायला साडेचार पट व्हावं लागतं. त्यासाठी एप्रिल २०१५ उजाडला. या काळात इंटरनेट काही मागे पडलं नव्हतं. समुद्राखालून फायबर केबल टाकणारी ग्लोबल क्रॉसिंग २००२ मध्ये दिवाळखोरीत गेली. केबल कामाला आल्या, भागधारकांचे पैसे गेले. ॲमेझॉन तगली खरी, पण तिचाही शेअर शिखरापासून नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला होता. म्हणजे नेमकी कंपनी हेरणाऱ्यालाही ती धरून ठेवायला वाघाचं काळीज हवं होतं.

यामागचं कारण मला विजेच्या मोटरीत सगळ्यात स्वच्छ दिसतं. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झालं. पुढे कारखानदारांनी वाफेचं इंजिन काढून तिथे एक मोठी मोटर बसवली. छताखाली फिरणारा लांब दांडा आणि त्यावरून एकेका यंत्राकडे उतरणारे पट्टे मात्र तसेच ठेवले. साहजिकच उत्पादनात म्हणावा तसा फरक पडेना. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली, कामाच्या ओघाप्रमाणे यंत्रांची जागा बदलली, तेव्हा कुठे उत्पादकतेने झेप घेतली. अमेरिकेत ती दिसली १९२० च्या दशकात. साधन येतं लवकर. कामाची पद्धत बदलायला पिढी जाते. बाजाराला एवढा दम नसतो. प्रात्यक्षिक पाहून हुरळलेला बाजार पुढच्या वीस वर्षांचा नफा आजच भावात धरतो. मग कंपनीचे निकाल चांगले येऊनही भाव पडतो, कारण भावात अचाट निकाल आधीच धरलेले असतात.

त्यात थीमॅटिक फंड, म्हणजे एआयसारख्या एकाच विषयातल्या कंपन्यांत पैसे घालणारे फंड, निघतात कधी? विषय सगळ्यांच्या तोंडी असताना, कारण तेव्हाच ते खपतात. (फंड कंपनीचं पोट शुल्कावर भरतं, तुमच्या परताव्यावर नाही.) अमेरिकेतल्या अशा विशिष्ट विषयांवरच्या ईटीएफांचा (शेअरसारख्या बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या फंडांचा) अभ्यास झाला आहे, बाजारात आल्यानंतरच्या वर्षांत त्यांनी गुंतवणूकदारांची सरासरी निराशाच केली.

तेव्हा मुलीच्या शिक्षणाच्या पैशाला हात लावू नका. खरं तर सहा वर्षांवर आलेली रक्कम पूर्णपणे शेअर बाजारात असणंही मला पटत नाही. यंदापासूनच दर वर्षी थोडी थोडी मुदत ठेवीत किंवा कमी मुदतीच्या डेट फंडात (रोख्यांत पैसे ठेवणाऱ्या फंडात) सरकवा, म्हणजे प्रवेशाच्या वर्षी बाजार पडलेला असला तरी फी भरायची पंचाईत होणार नाही.

संधी हुकेल ही भीती तर निराधारच आहे. तुमच्या जागतिक इंडेक्स फंडाची यादी उघडा; एआयवर सर्वाधिक खर्च करणाऱ्या कंपन्या तिथे सगळ्यात वर सापडतील. तुम्ही या तेजीत आधीच सामील आहात.

तरीही हौस असेल, तर निवृत्तीसाठीच्या बचतीतला जास्तीत जास्त पाच टक्के हिस्सा, तोही वर्षभराच्या हप्त्यांत. पडला तर भर घालायची नाही, चढला तरीही नाही. आणि फॉर्मवर सही करण्याआधी त्या फंडाचं वार्षिक शुल्क तुमच्या इंडेक्स फंडाच्या किती पट आहे तेवढं तपासा.